मालकीणबाई

ट्रक हप्त्यावर घेतला त्या दिवसापासून दूधवाला वैजंताला हसून 'मालकीणबाई' म्हणायचा. आज तिने पातेलं पुढे केलं तशी त्याची भुवई वर गेली.

"काय मालकीणबाई, आजपण पावशेरच? ट्रकवाल्याच्या लेकीला काय पाणी पाजता?"

कडेवरची ओवी पातेल्याकडे झेपावत होती. वैजंताने तिला मागे ओढलं.

नवरा पगारी ड्रायव्हर होता तेव्हा महिन्याला अठरा हजार घरात यायचे, वर खेपेचा भत्ता. आता भाड्याचे लाखभर रुपये यायचे आणि नुसता हात लावून निघून जायचे. डिझेल, टोल, टायर, हप्ता भागवून या महिन्यात तीन हजार उरले होते. "पुढच्या खेपेला बघ," एवढंच म्हणून तो लेकीकडे न बघता पुन्हा गाडीवर चढायचा. ट्रक परत करा म्हणायची तिची छाती होत नव्हती. दुधाचं पातेलं मात्र रोज लहान होत चाललं होतं.

ओवीला तशीच कडेवर घेऊन ती त्याच्या जुन्या ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात गेली. दारातच तिने पदर सारखा केला.

"शेठ, ड्रायव्हर हवाय का तुम्हाला? पगारावर?"

"हवाय की. पण माणूस भरवशाचा पाहिजे. कोण आहे?"

नवऱ्याचं नाव तिने आजवर कधी घेतलं नव्हतं. लग्नापासून जे म्हणत आली, तेच सवयीने तोंडातून निघालं.

"आमचे मालक."