एका शब्दाचा परीक्षक

"इन्सुलिन शरीरात कुठे तयार होतं?" तिने मोठ्याने वाचलं. मग बाबांच्या डोळ्यांत बघत मुद्दाम चुकीचं उत्तर दिलं, "फुफ्फुसात."

"बरोबर," बाबा म्हणाले.

खिडकीशी भाजी निवडत बसलेली आत्या फिसकन हसली. "माझा भाऊ पेपर तपासायला बसला ना, तर सगळी गल्ली पास होईल बघ."

तिला हसू आलं नाही. इन्सुलिन स्वादुपिंडात तयार होतं, हे तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. बाबांच्या आत अजून कुणी ऐकतंय का, एवढंच तिला बघायचं होतं.

झटका आला तेव्हा बाबांची उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. मागे राहिला तो हा एक शब्द. तहान लागली, बरोबर. उशी टोचतेय, बरोबर. दिवा मालव, तरी बरोबर. "होतं असं कधीकधी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. "एखादा शब्द जिभेवर अडकून राहतो. त्यात अर्थ असेलच असं नाही." तरी तिने फार्मसीच्या प्रवेश परीक्षेची पुस्तकं बाबांच्या खाटेशीच मांडली. ती प्रश्न वाचायची, उत्तर द्यायची, आणि बाबा शिक्का मारावा तसं "बरोबर" म्हणायचे. सुरुवातीला बरं वाटायचं.

फार्मसीचं खूळ मुळात बाबांचंच. घाऊक औषधवाल्याची गाडी ते चालवायचे. "खोकी मी खूप वाहिली, आत काय आहे ते तू वाच," असं म्हणायचे. गेल्या वर्षी परीक्षेला तेच तिला घेऊन गेले होते. पहिलं पान उघडलं आणि वाचलेलं एक अक्षर आठवेना. पेपर अर्धवट टाकून ती बाहेर आली, तर बाबा फाटकाशी उन्हात उभे. "चल घरी," एवढंच म्हणाले. "पुढच्या वर्षी येऊ आपण."

आता ही शेवटची खेप होती. आईने तसं स्पष्टच सांगितलं होतं. शिवणकामाच्या कारखान्यात आईच्या शेजारचं मशीन रिकामं होणार होतं. यंदाही नंबर लागला नाही, तर तिने तिथे बसायचं. आई हे रागाने म्हणाली नव्हती, म्हणून तिच्याशी भांडताही येत नव्हतं.

"चुकलं होतं ते, बाबा!" तिचा आवाज चढला. "फुफ्फुसात नाही होत इन्सुलिन. मी काहीही बडबडले तरी तुमचं आपलं बरोबर! तुम्हाला काही म्हणजे काही कळत नाही."

आत्याचे हात थांबले. "अगं ए, बापाशी बोलतेयस."

बाबांच्या ओठांचा एक कोपरा थरथरला. "बरोबर," ते अगदी हळू म्हणाले.

तिने पुस्तकं उचलली आणि ती स्वयंपाकघरात जाऊन बसली. त्या दिवसापासून ती मनातल्या मनात वाचू लागली. अधूनमधून खोलीतून तो शब्द यायचा, कुणी काही विचारलेलं नसताना. ती कानांवर तळवे दाबायची आणि पुढचा प्रश्न घ्यायची.

परीक्षेच्या सकाळीच आत्याचा निरोप आला की ती तापाने फणफणलीये, बाबांपाशी बसायला येऊ शकत नाही. तिला परीक्षेला घेऊन जायचं म्हणून आईने कारखान्यात सुट्टी टाकली होती. आता तिने डबा भरून लेकीच्या पिशवीत ठेवला.

"मला काही निघता येणार नाही बाई, ह्यांच्यापाशी कुणीतरी हवं. तू जा. बस थेट दाराशी सोडते."

ती चपला घालून उंबऱ्यात उभी राहिली. पाय उचलेना.

"मी नाही जात," ती म्हणाली.

"अगं!"

"एकटीने नाही जमायचं मला, आई. मागच्या वेळी बाबा फाटकाशी होते, तरी मी पळून आले. आज तर तिथे कुणीच नसणार. सांगून टाक कारखान्यात, येते म्हणून."

आई काही बोलणार, तोच आत काहीतरी धाडकन पडलं. दोघी धावल्या.

तिपाई आडवी झाली होती. टेकू दिल्याशिवाय कधी न बसणारे बाबा खाटेच्या कडेला बसले होते. बाहेर जाताना घालायचा शर्ट त्यांनी खुंटीवरून ओढून घेतला होता. डावा हात बाहीत गेला होता, उजवी बाही रिकामीच लोंबत होती. एक पाय चपलेत होता. दुसरा ते हाताने उचलून उरलेल्या चपलेवर ठेवू बघत होते. तो घसरत होता. ते पुन्हा उचलत होते. कपाळावरून घाम निथळत होता.

ती त्यांच्या पायाशी बसली. "बाबा, हे काय चाललंय? कुठे निघालात?"

बाबांनी मान वर केली. तिच्या खांद्यावरच्या पिशवीकडे बघितलं, मग दाराकडे, मग तिच्याकडे.

"बरोबर," ते म्हणाले.