एक पटाशी

बावीस वर्षं रंधा मारणाऱ्या थोरल्या मिस्त्रींना डावलून मालकांनी नक्षीकाम दिलं ते तुरुंगातून रोज कामाला येणाऱ्या एका कैद्याला. वर त्याचं कौतुक, "काय हात आहे गड्याचा!" मिस्त्रींचा नुसता तिळपापड झाला.

संध्याकाळी कैद्याला परत नेण्याआधी शिपाई सुतारकामाची हत्यारं मोजायचा. एक जरी कमी भरलं, तरी कैद्याचं बाहेर येणं कायमचं बंद. मिस्त्रींनी दुपारीच एक पटाशी हळूच स्वतःच्या डब्याच्या पिशवीत सरकवली.

शिपायानं मोजलं. "सगळी आहेत. चल रे."

मिस्त्रींनी चरकून पिशवी चाचपली. आत नुसता डबा! जाता जाता कैदी त्यांच्या कानाशी वाकला.

"काका, मीही एकावर असाच जळायचो. त्याचीच शिक्षा भोगतोय."