चौकशीसाठी अर्ज

सभागृहात पंधरा वर्षं एकाच बाकावर बसलेला शेजारी आज मंत्रिपदाची शपथ घेत होता, आणि टाळ्या वाजवता वाजवता आमदारांचा नुसता जळफळाट होत होता. त्या शेजाऱ्याच्या भानगडींची चौकशी सुरू होती. गेल्या आठवड्यात त्याने पक्ष बदलला, तशी फाइलही बंद झाली आणि वर खुर्चीही मिळाली. आपल्याला मात्र कुणी साधा फोनसुद्धा केला नाही. करतील कशाला? आपली फाइलच नाही, मग घाबरवणार कशाने आणि सौदा करणार कशाचा? पंधरा वर्षांचा प्रामाणिकपणा असा अंगाशी आला होता.

समारंभातला चहा तसाच टाकून ते तडक चौकशी खात्याच्या कार्यालयात गेले आणि स्वतःविरुद्धची निनावी तक्रार त्यांनी स्वतःच्याच हाताने अधिकाऱ्यापुढे ठेवली.

"अहो, त्याची फाइल चार बोटं जाड होती. माझी निदान बोटभर तरी करा!"

अधिकाऱ्याने कपाटातून एक फाइल काढली. आत एकच कागद होता.

"साहेब, तुमची चौकशी आम्ही दोन वर्षांपूर्वीच केली. सगळा मतदारसंघ पालथा घातला."

"आणि काहीच सापडलं नाही ना?" एवढ्या जळफळाटातही आमदारांची मान ताठ झाली.

"कुठून सापडणार? पैसे खायला आधी एखादं काम तरी काढावं लागतं, साहेब. पंधरा वर्षांत तुम्ही रस्त्यातला एक खड्डासुद्धा बुजवला नाहीत."