सगळं बरोबर

बारामतीच्या रोबो स्पर्धेत करुणाच्या संघाचं यंत्र ऐन फेरीत बंद पडलं, पण ती घाबरली नाही. आधी वीज तोडायची, मग दोष शोधायचा, असं शाळेतल्या सरांनी शिकवलं होतं; तसंच करून तिनं ते पुन्हा चालू केलं. बक्षीस घेऊन सांगवीला परतताना एसटीत वडिलांनी रोबो मांडीवरून उतरवला नाही. पुढच्याच आठवड्यात विहिरीवरची मोटार चालू करताना ते शॉक लागून स्टार्टरला चिकटले. करुणानं धावत जाऊन मेन स्विच पाडला, त्यांना कोरड्यात ओढलं आणि रुग्णवाहिका येईपर्यंत छाती दाबत राहिली. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "बाळ, तू सगळं बरोबर केलंस. पण हृदय सुरू झालंच नाही." करुणानं सगळं मनात पुन्हा तपासलं. एखादी चूक सापडली असती, तर बरं वाटलं असतं. भिंतीशी बसलेल्या आईनं विचारलं, "तुझ्याकडनं काय ऱ्हायलं का गं?" "न्हाय, आई." "मग तुझं आबा का उठंनात?"