टाके सुटतात, काय करू?

“टाके सुटतात. काय करू?” एवढंच लिहून तिने फोन मशीनवर ठेवला आणि अर्धवट शिवलेल्या पडद्याशी चाळा करत उत्तराची वाट पाहत बसली.

शिलाई मशीनच्या त्या ऑनलाइन गटात कोणाला कोणाचं खरं नाव ठाऊक नव्हतं. ती तिथे ‘रीळ’ होती आणि उत्तरं देणारा ‘मिस्त्री’. माणूस जाणकार, पण जीभ तिखट. गुंता झाला की लिहायचा, “दोरा रुसलाय तुमचा.” एके काळी तिच्याच तोंडी असलेलं ते वाक्य वाचूनच ती या गटात शिरली होती.

उत्तर लगेच आलं. “कोणतं मशीन? कापड जाड की पातळ? सुई कधी बदलली? प्रश्न पूर्ण लिहा हो, मी काही ज्योतिषी नाही!”

ती गालातल्या गालात हसली. मग सावकाश उत्तरं देत राहिली. आधी कापड. त्याने पुन्हा विचारल्यावर मशीन. सुईचं तर विसरलीच.

मिस्त्री भडकला. “यापुढे अर्धवट प्रश्न आला, तर गटातून काढणार.”

तिचं हसू मावळलं. हा गट सुटला तर रिकामं घर खायला उठेल, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

तेवढ्यात नणंद पडदे न्यायला आली. फोनवरचं वाचून तिने कपाळाला हात लावला.

“वहिनी, अख्खा जन्म मशीनवर गेला तुझा, आणि दोन ओळी धड लिहिता येत नाहीत? त्या बिचाऱ्याने काय अंधारात बाण मारायचे? सरक, मी लिहिते.”

“राहू द्या ना, वन्सं.”

“राहू द्या काय? हाकलून देईल तो!”

नणंदेने सगळं लिहिलं. मशीन कोणतं, कापड कसलं, टाके कधीपासून सुटतात, काय काय करून पाहिलं. वर मशीनचा खिडकीसकट फोटोही टाकला.

या वेळी उत्तराला बराच वेळ लागला. “याला म्हणतात प्रश्न. सुई उलटी बसलीय. सपाट बाजू मागे घ्या. विषय संपला.”

“बघ! नीट विचारलं की एका ओळीत काम फत्ते.”

“हो ना,” ती म्हणाली. “एकाच ओळीत.” तिला एकदम भरून आलं. चहाच्या निमित्ताने ती आत गेली.

नणंद गेल्यावर ती मशीनपाशी बसली. सकाळी स्वतःच उलटी बसवलेली सुई तिने चष्मा न लावता, नुसत्या बोटांनी सरळ केली. पडद्याची कड सुतासारखी सरळ शिवून काढली. मग फोन घेतला.

“मशीन चालत नाही. काय करू?”

आता तो काढून टाकणार, हे दिसतच होतं. तरी तिने पाठवलंच.

ती फोनकडे एकटक बघत बसली. आणि मग गटात नाही, तर तिच्या एकटीच्या नावाने मिस्त्रीचा निरोप आला.

“आई, निदान आता तरी प्रश्न पूर्ण विचार ना: घरी कधी येतोस?”