हलका गिअर

"गिअरची बॅटरी संपली असणार, म्हणून घाटात तो बदलला नाही," मी सायकलच्या मिस्त्रीला बजावलं. लेक त्या चढावर छाती धरून कोसळला, तेव्हापासून त्याच्या सायकलीला मी कुणाला हात लावू दिला नव्हता. तेरावं झाल्यावरच मिस्त्रीला बोलावलं.

त्यानं मागचं चाक उचलून पेडल फिरवलं आणि मुठीजवळचं बटण दाबलं. झुंई आवाज झाला आणि साखळी सरकली.

"आक्का, बॅटरी निम्म्याच्या वर हाय. गिअरही ठणठणीत हाय, फक्त सगळ्यात जडवर होता. असल्या चढाला हलक्यावर घेतात. पोरानं बटण का दाबलं नाही, कुणास ठाऊक."

मला ठाऊक होतं. त्या सकाळी उंबऱ्यात मीच म्हणाले होते, "बापानं लाल मातीत भलेभले लोळवले, आणि तू बटण दाबून हलक्या गिअरवर घाट चढणार? तसा तर मीपण चढेन, नऊवारी नेसून."

माझा चेहरा बघून मिस्त्रीनं विषय बदलला. "कंपनी विचारतेय, नव्या गिअरात आणखी काय हवं. आम्ही मिस्त्री लोक कळवतो."

"मग माझंही कळव. छाती धडधडली की गिअरनं आपणहून हलकं व्हावं. चालवणाऱ्याला विचारू नये, आणि त्याच्या आईचं ऐकू नये."

आता रोज सकाळी, त्याच्या निघण्याच्या वेळी, मी ते बटण दाबते. झुंई आवाज होतो आणि माझ्यामागे उंबऱ्यात कुणीतरी दमलेला श्वास सोडतं. मी वळून बघत नाही.