चौथा पीळ

“थांबव!” आई ओरडली. मी रिमोट दाबला. मालिकेतल्या नायिकेचे कोपरापर्यंतचे, बिनबोटांचे, वेणीच्या विणीचे हातमोजे मला हवे होते. आई पडद्याला नाक लावून टाके मोजत होती. मोजता मोजता एका पिळावर तिनं बोट टेकवलं.

“चौथा पीळ उलटा पडलाय. हे कुंदाचं काम. तिचा चौथा नेहमी असाच पडायचा.”

कुंदामावशीला मी कधी पाहिलेलं नाही. माझ्या बारशाला तिनं विणून आणलेलं टोपडं आईनं पाहुण्यांदेखत उसवलं होतं, तेही त्या एका पिळापायी. मावशी न जेवता निघून गेली, ती गेलीच. त्याला एकोणीस वर्षं झाली.

मालिकेच्या शेवटी भराभर पळणारी नावं आम्ही थांबवून वाचली. विणकामापुढे मावशीचंच नाव होतं.

आठवडाभर खपून आईनं एकच हातमोजा विणला आणि चौथा पीळ उलटा घातला.

“आई, चुकलं.”

“चुकू दे,” ती म्हणाली. मालिकेच्या ऑफिसच्या पत्त्यावर तिनं तो मावशीच्या नावानं पाठवला. सोबत चिठ्ठी होती : ‘दुसरा तू विण. पोरीला थंडी वाजते.’

पंधरा दिवसांनी पार्सल आलं. आत दोन्ही हातमोजे होते. मावशीनं विणलेला आईनं मांडीवर पसरला आणि बोट ठेवून एकेक पीळ मोजला. मग पुन्हा मोजला.

“गाढव कुठली! सगळे सरळ घातलेत,” असं म्हणत तिनं दोन्ही हातमोजे स्वतःच्याच हातांत चढवले.

मला ते अजून मिळालेले नाहीत.